नवस कुणाला? बाळ येशूची भक्ती आणि ख्रिस्तसभेची शिकवण



फेब्रुवारी महिना लागला की आपल्या नाशिककरांना दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. मळ्यांत द्राक्षांची तोडणी चालू असते आणि नाशिक रोडला बाळ येशूची यात्रा भरते. त्या दिवसांत नेहरूनगरकडे जाणारा रस्ता माणसांनी फुलून जातो. मुंबई, वसई, गोवा, गुजरात अशा ठिकाणांहून भाविक येतात. निरनिराळ्या भाषांत पवित्र मिस्सा होतात. मेणबत्त्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्यांत आपले ख्रिस्ती नसलेले शेजारीही मोठ्या संख्येने असतात. कुणी नवस बोलायला आलेले असते, कुणी फेडायला.

या यात्रेवर टीका करण्याचा आमचा हेतू नाही. आपल्यापैकी कितीतरी जणांना आईचे बोट धरून प्रथम देवासमोर उभे केले गेले ते तिथेच. परंतु यात्रेच्या निमित्ताने दरवर्षी काही प्रश्न कानांवर येतात आणि त्यांची उत्तरे देताना आपली धांदल उडते. शेजारीण विचारते, "हा बाळ येशू तुमच्या येशूचा कोण?" एखादा भाविक विचारतो, "नाशिक रोडला बोललेला नवस आपल्या चर्चमध्ये फेडला तर चालेल का?" आणि कुणी सहज बोलून जाते, "येशूकडे मागून पाहिले, काही झाले नाही. आता बाळ येशूकडे मागते."

पहिल्या दोन प्रश्नांवर आपण हसून पुढे जाऊ. तिसऱ्या वाक्यापाशी मात्र थांबायला हवे. ते बोलणाऱ्या व्यक्तीची भक्ती खरी आहे, डोळ्यांतले पाणीही खरे आहे. तरीही त्या एका वाक्यात नकळत दोन येशू तयार झाले आहेत. एक क्रुसावरचा, जो ऐकत नाही. आणि एक मुकुट घातलेला, जो नवसाला पावतो. ख्रिस्तसभेने सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी ज्या चुकांशी झुंज दिली, त्या चुका पुस्तकात बंद होऊन पडलेल्या नाहीत. त्या आपल्या मेणबत्त्यांच्या रांगेतही येऊन उभ्या राहतात.

संत पौल तिमथीला लिहितो की असे दिवस येतील जेव्हा लोकांना सुशिक्षण नकोसे होईल आणि ते कानांना गोड लागेल तेवढेच ऐकतील. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात 'सुशिक्षण' हा शब्द ज्या मूळ ग्रीक शब्दांसाठी आला आहे, त्यांचा अर्थ 'निरोगी शिकवण' असा आहे. चुकीच्या शिकवणीने माणूस परीक्षेत नापास होतो असे पौलाला म्हणायचे नाही. त्या शिकवणीने माणूस आजारी पडतो असे त्याला म्हणायचे आहे. आणि आजार अंगात असला तरी तो बहुधा कळतो केव्हा? वजन उचलायची वेळ आली म्हणजे. श्रद्धेचेही तसेच आहे. घरात सर्व ठीक चालले असताना कुठलीही शिकवण चालून जाते. संकट आले म्हणजे ती निरोगी होती की नाही ते कळते.

मूर्ती काय सांगते?

बाळ येशूची जी प्रतिमा आपण पाहतो, ती मूळची प्राग शहरातली. आज ते शहर चेक प्रजासत्ताकाची राजधानी आहे. लाकडावर मेणाचा थर दिलेली ही सुमारे दीड फूट उंचीची मूर्ती सोळाव्या शतकात स्पेनमधून तिकडे आली. पोलिक्सेना नावाच्या सरदार घराण्यातील स्त्रीने १६२८ साली ती कार्मेलाइट मठवासीयांना दिली. पुढे १६३१ मध्ये सॅक्सनीच्या सैन्याने शहर घेतले, मठ लुटला गेला आणि मूर्ती वेदीमागच्या अडगळीत पडली. काही वर्षांनी फादर सिरिल यांना ती सापडली तेव्हा तिचे दोन्ही हात तुटलेले होते. मूर्तीपुढे प्रार्थना करताना माझे हात मला परत द्या, असे शब्द फादरांना ऐकू आले, अशी परंपरागत कथा आहे. ही कथा मानणे न मानणे हा श्रद्धातत्त्वाचा भाग नाही. कुणी मानली तर त्यात वावगेही नाही. परंतु जे हात पुढे बसविले गेले, ते पाहण्यासारखे आहेत.

उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला आहे. त्या हाताची दोन बोटे सरळ वर आहेत आणि उरलेली मिटलेली आहेत. ख्रिस्ती चित्रकलेच्या परंपरेत या दोन बोटांचा अर्थ असा सांगतात की येशू ख्रिस्ताचे दोन स्वभाव आहेत. तो खरा देव आहे आणि खरा मनुष्य आहे. मिटलेली तीन बोटे पवित्र त्रैक्याची आठवण करून देतात. डाव्या हातात पृथ्वीचा गोल आहे आणि त्या गोलावर क्रूस आहे.

म्हणजे ज्या मूर्तीसमोर आपण नवस बोलतो, ती स्वतःच धर्मशिक्षणाचा एक वर्ग आहे. हे बाळ देव आहे आणि मनुष्यही. जग त्याच्या हातात आहे, पण ते त्याने धरले आहे क्रुसासहित. ज्या हातात जग त्याच हातात क्रूस, हे पाळण्यातच सांगून टाकले आहे. आपण मात्र मुकुट आणि झगा पाहतो, दानपेटी पाहतो आणि गर्दीने पुढे ढकलले जातो. (ही मूर्ती चुंबून झाल्यावर तिच्या बोटांकडे किती जणांनी नीट पाहिले असेल, हे आम्हीही विचारण्याचे धाडस करत नाही.)

साहेबांचा माणूस की साहेब स्वतः?

आता थोडे मागे जाऊ. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला मिसर देशातील आलेक्झांड्रिया शहरात आरियस नावाचा एक धर्मगुरू होता. त्याचे राहणे साधे होते, बोलणे गोड होते. त्याची शिकवण थोडक्यात अशी होती की पिता हाच खरा देव. पुत्र श्रेष्ठ आहे, सर्व सृष्टीच्या आधीचा आहे, तरी तोही निर्माण केलेलाच. एके काळी तो नव्हता. ही शिकवण पसरावी म्हणून त्याने गाणी रचली. खलाशी, जात्यावर दळणारे, वाटसरू अशा साध्या लोकांच्या तोंडी ती बसली. चुकीची शिकवण नेहमी जाड पुस्तकातूनच येते असे नाही. पुष्कळदा ती चांगल्या चालीवर येते.

या वादाचा निकाल लावण्यासाठी ३२५ साली निकेया येथे धर्मपरिषद भरली. ते गाव आज तुर्कस्तानात इझ्निक या नावाने ओळखले जाते. तेथे जमलेल्या महागुरूंनी आरियसची शिकवण नाकारली आणि पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असा निर्णय दिला. पुढे ३८१ साली कॉन्स्टंटिनोपल येथील परिषदेत पवित्र आत्म्याविषयीचा भाग विस्ताराने मांडला गेला. आपण रविवारी मिस्सेत उभे राहून जो मोठा श्रद्धांगीकार म्हणतो, तो या दोन परिषदांचा. २०२५ साली निकेयाच्या परिषदेला १७०० वर्षे झाली. त्या वर्षी नोव्हेंबरात पोप लिओ चौदावे स्वतः इझ्निकला गेले आणि कॉन्स्टंटिनोपलचे ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांच्यासमवेत त्यांनी तेथे प्रार्थना केली.

निकेयात ठरले आणि वाद मिटला, असे मात्र झाले नाही. पुढची कित्येक वर्षे आरियसच्या मताचे राजे आणि महागुरू प्रबळ होते. आलेक्झांड्रियाचे महागुरू संत अथानासियस यांना या एका प्रश्नापायी पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. त्यांच्या आयुष्यातील सुमारे सतरा वर्षे परागंदा अवस्थेत गेली. एका शब्दासाठी एवढे? असे आपल्याला वाटू शकते. या शब्दाचा नाशिक रोडच्या रांगेशी काय संबंध, असेही कुणी विचारील.

संबंध आहे. सरकारी कचेरीत आपले काम अडले की आपण काय करतो? साहेबांपर्यंत पोहोचता येत नाही, म्हणून साहेबांच्या जवळचा माणूस गाठतो. त्याला खूश ठेवतो. त्याच्या आवडीनिवडी विचारून घेतो. आरियस जे येशूविषयी सांगत होता ते यापेक्षा फार वेगळे नव्हते. येशू मोठा, फार मोठा, पण तरीही देवाचा माणूस. देव स्वतः नव्हे. खरा देव दूरच राहिला. आता आपण आपल्या नवसाकडे पाहू. नऊ आठवडे नोव्हेना, अमुक इतक्या मेणबत्त्या, एकही दिवस चुकता कामा नये, चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. हा हिशोब आपण कुणाशी करत असतो? मनात खोलवर अशी समजूत बसलेली असते की बाळ येशूला राजी केले म्हणजे तो वरून काम करून आणील. तोंडाने आपण निकेयाचा श्रद्धांगीकार म्हणतो, परंतु मनाने आरियसच्या बाजूला जाऊन बसतो.

निकेयाची शिकवण खरी असेल तर या बाळाच्या पलीकडे आणखी कुणी कठोर साहेब बसलेला नाही. पाळण्यात जो आहे तोच देव आहे. त्याची मर्जी फिरवण्याची गरज नाही, कारण तो मर्जीनेच आपल्यापर्यंत आला आहे. आपण नवस बोलण्याआधीच तो आलेला आहे.

आणखी एक प्रसंग. पाचव्या शतकात कॉन्स्टंटिनोपलचा महागुरू नेस्टोरियस पवित्र मरियेला 'देवाची माता' म्हणायला कचरत असे. दोन-तीन महिन्यांच्या तान्ह्या बाळाला देव म्हणणे आपल्याला जमणार नाही, असे तो बोलल्याची नोंद आहे. त्याची अडचण आपण समजू शकतो. भुकेने रडणारे, झोप आली की किरकिर करणारे, अंगावर दूध पिणारे मूल आणि विश्वाचा निर्माता ही दोन टोके एकत्र कशी यावीत? ४३१ साली एफेसस येथील धर्मपरिषदेने उत्तर दिले की ही दोन टोके एकाच व्यक्तीत एकत्र आली आहेत. मरियेने ज्याला जन्म दिला तो एकच पुत्र देव आणि मनुष्य आहे, म्हणून ती देवमाता. १ जानेवारीला आपण हाच सण साजरा करतो. पुढे ४५१ साली कॅल्सिडोनच्या परिषदेने दोन स्वभाव, एक व्यक्ती ही मांडणी स्पष्ट केली. एफेससचा निर्णय दुसऱ्या बाजूने लागला असता तर बाळ येशूपुढे गुडघे टेकणे ही चूक ठरली असती. नाशिक रोडची यात्रा त्या निर्णयावर उभी आहे.

न पावलेला नवस

आता आपण जिथे सर्वांत जास्त दुखते तिथे येऊ.

यात्रेत आभार मानणाऱ्यांच्या कहाण्या आपण ऐकतो. नोकरी लागली, मूल झाले, शस्त्रक्रिया यशस्वी झाली. त्या कहाण्यांबद्दल देवाचे आभार. परंतु ज्यांचा नवस पावला नाही ते सहसा ध्वनिक्षेपकावर येत नाहीत. ते मागच्या बाकावर बसतात आणि काही दिवसांनी तिथेही दिसत नाहीत. नऊ नोव्हेना करूनही ज्या आईचे मूल रुग्णालयातून परत आले नाही, तिला आपण काय शिकवले आहे?

तिला जर एवढेच शिकवले असेल की श्रद्धेने मागितले म्हणजे मिळतेच, तर तिच्यासमोर दोनच वाटा उरतात. एक तर देव खोटा, नाही तर तिची श्रद्धा कमी. आणि भोवतालची माणसे दुसरीच वाट तिला दाखवतात. "एखादा दिवस चुकला असेल." "मनात शंका आली असेल." काही प्रार्थनासभांतून तर हे उघडपणे सांगितले जाते. आपल्यातली काही कुटुंबे तिकडे जाऊन भरल्या डोळ्यांनी आणि अपराधी मनाने परत आली आहेत. मूल गमावलेल्या आईच्या माथी वर हा दोष मारणे, याहून क्रूर गोष्ट आम्हाला सुचत नाही. रोगट शिकवण म्हणजे काय, हे ज्याला पाहायचे असेल त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहावे.

निरोगी शिकवण तिला काय देते? ती म्हणते, तू ज्या बाळापुढे मेणबत्ती लावलीस तो मोठा झाला. तेहेतिसाव्या वर्षाच्या सुमारास गेथशेमनी बागेत त्यानेही रात्री गुडघे टेकले आणि दुःखाचा प्याला टळावा अशी पित्याजवळ विनवणी केली. त्याच्या अंगातून घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. प्याला टळला नाही. त्याची श्रद्धा कमी पडली असे कोण म्हणेल? बाळ येशू आणि क्रुसावरचा येशू एकच व्यक्ती आहे, या एफेससच्या शिकवणीचा अर्थ इथे कळतो. जिची प्रार्थना मागितल्याप्रमाणे पुरी झाली नाही ती आई एकटी नाही. जो मूर्तीत मुकुट घालून उभा आहे, तोच तिच्या शेजारी त्या रुग्णालयाच्या बाकावर बसलेला आहे. आणि तिसऱ्या दिवशी पित्याने त्याला जे दिले ते प्याला टळण्यापेक्षा मोठे होते, हे तिला आज ऐकवत नसेल तरी ख्रिस्तसभा तिच्या वतीने दर रविवारी म्हणत असते.

बाळ येशूच्या जन्मकथेतही हेच आहे, फक्त आपण तो भाग गव्हाणीच्या देखाव्यात मांडत नाही. हेरोदाचे सैनिक बेथलेहेमात आले. एक मूल वाचले, त्याला घेऊन योसेफ व मरिया मिसर देशात पळाले. बाकीची मुले वाचली नाहीत. २८ डिसेंबरला ख्रिस्तसभा त्या बालकांचा सण पाळते. त्या आयांच्या रडण्याला मत्तयाच्या शुभवर्तमानात जागा आहे. त्यांना कुणी श्रद्धा कमी पडली असे सांगितलेले नाही.

मग नवस बोलूच नये का? तसे ख्रिस्तसभा म्हणत नाही. शमुवेलची आई हन्ना हिने मंदिरात रडत रडत नवस बोलला होता आणि तोही मूल व्हावे म्हणून. देवाने तिचे ऐकले, तिला हिणवले नाही. नवस म्हणजे देवाला स्वखुशीने दिलेले, काहीतरी चांगले करण्याचे वचन. तो उपासनेचा भाग आहे. ख्रिस्तसभा ज्याला अंधश्रद्धा म्हणते ती वेगळी. अंतःकरण बाजूला ठेवून नुसत्या बाह्य कृतीलाच, मेणबत्त्यांच्या संख्येला किंवा प्रार्थना किती वेळा म्हटली त्या आकड्याला सामर्थ्य आहे असे मानणे, ही अंधश्रद्धा. धर्मशिक्षणाच्या ग्रंथात (कॅथोलिक ख्रिस्तसभेचा हा ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला) हा फरक स्पष्ट केलेला आहे. लोकांची भक्ती आणि उपासनाविधी यांविषयी रोमहून २००१ साली एक मार्गदर्शिका निघाली. त्यातही लोकभक्तीला मान दिलेला आहे आणि ती उपासनाविधीशी व शुभवर्तमानाशी जोडलेली राहावी असे सुचवलेले आहे. ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा नाही तर वाईट घडेल, असे संदेश मोबाईलवर येतात ते मात्र खुशाल पुसून टाकावेत. बाळ येशू कुणाला धमकी देत नाही.

येथे एक लहानशी गोष्ट सांगून ठेवू. पुष्कळदा असे दिसते की भाविक चर्चमध्ये येतात, मूर्तीला हात लावतात, तो हात कपाळाला लावतात आणि पवित्र साक्रामेंताच्या पेटीसमोरून गुडघा न टेकता निघून जातात. ७८७ साली निकेयातच भरलेल्या दुसऱ्या परिषदेने सांगितले आहे की प्रतिमेला दिलेला मान ती प्रतिमा ज्याची आहे त्याला पोहोचतो. मूर्ती ही आठवण आहे. साक्रामेंतात तो स्वतः आहे. लाल दिवा जिथे तेवतो तिथे बेथलेहेमचे बाळ आहे. 'बेथलेहेम' या नावाचा अर्थच मुळी 'भाकरीचे घर' असा आहे. आणि नाशिक रोडचा नवस इथे फेडला तर चालेल का, या प्रश्नाचे उत्तरही यातच आले.

मराठीत मागितलेली शिकवण

श्रद्धातत्त्वे ही धर्मगुरूंनी सेमिनरीत शिकण्याची बाब, आपण फक्त प्रार्थना करावी, असा आपल्याकडे समज आहे. इतिहास पाहिला तर आपल्याच भाषेतल्या लोकांनी शिकवण हक्काने मागितलेली दिसते.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले आणि पुढे साष्टीत राहिले. त्यांच्या मराठी 'ख्रिस्तपुराणा'च्या आरंभी एक प्रसंग आहे. मुलांना धर्मशिक्षण दिले जात असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना म्हणतो की ही शिकवण चांगली आहे, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत तर त्यांच्या जागी आम्हाला आमच्या भाषेत काही द्या. त्या मागणीतून सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ तयार झाला. १६१६ साली तो राशोल येथे छापला गेला. पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात प्रभू येशूचे जीवन. स्टीफन्स यांनी प्रश्नोत्तररूपाने केलेले कोकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १६२२ साली, छापून निघाले.

त्या माणसाचे नाव आपल्याला माहीत नाही. पण त्याच्या मागणीकडे नीट पाहा. त्याने चमत्कार मागितला नाही. स्नानसंस्कार घेतला होता, आता ज्याच्यावर श्रद्धा ठेवली त्याची ओळख त्याला हवी होती, आणि तीही आपल्या भाषेत, गाता येईल अशी.

आपल्या धर्मप्रांतातील अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात जर्मन येशूसंघीयांच्या काळापासून गावोगावच्या कॅटेकिस्ट मास्तरांनी हेच काम केले. रात्री शेतातून आलेल्या माणसांना कंदिलाच्या उजेडात प्रश्न विचारायचा आणि उत्तर पाठ करून घ्यायचे. 'निरोप्या' मासिक १९०३ साली त्याच परिसरातील फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केले. पाठांतराला आज आपण नावे ठेवतो. त्यातली काही रास्तही आहेत. परंतु अक्षर न येणारी आपली आजी येशू ख्रिस्त कोण आहे याचे उत्तर एका दमात देत असे. तिच्या पदवीधर नातवाला विचारले तर तो मोबाईल काढतो.

पाठ केलेल्याबद्दल प्रश्न विचारणे ही अश्रद्धा नव्हे, हेही ध्यानात असावे. पंडिता रमाबाई कॅथोलिक नव्हत्या. तरी त्यांचे उदाहरण आपल्याला उपयोगी आहे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी त्यांना शंका होत्या. त्या त्यांनी लपवल्या नाहीत. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून त्या वर्षानुवर्षे वाद घालत राहिल्या. समजल्याशिवाय होय म्हणायचे नाही, अशी त्यांची वृत्ती होती. आपल्या तरुण मुलांनी असे प्रश्न विचारले तर आपण त्यांना गप्प बसवतो. मग ती उत्तर शोधायला दुसरीकडे जातात आणि जे पहिले भेटते ते घेऊन येतात.

द्राक्षाचा मळा ज्यांनी लावला आहे त्यांना आम्ही काय सांगावे? वेल लावला म्हणजे मांडव लागतोच. लोखंडी अँगल, तारा, ताण, सगळा खर्च आधी करावा लागतो आणि त्या तारांना एकही घड लागत नाही. घड वेलालाच लागतो. तरी मांडव नसेल तर तोच वेल जमिनीवर पसरतो, फळ मातीला टेकते आणि सडते. निकेया, एफेसस, कॅल्सिडोन या आपल्या तारा आहेत. वेल कोण आहे हे प्रभूने स्वतः सांगितले आहे.

येत्या यात्रेआधी घरच्या जपमाळेनंतर दहा मिनिटे काढून रविवारचा श्रद्धांगीकार सावकाश, एकेक वाक्य थांबत म्हणून पाहावा, अशी आमची विनंती आहे. घरात बाळ येशूची मूर्ती किंवा चित्र असेल तर ते मुलांच्या हाती द्यावे आणि विचारावे: उजव्या हाताची किती बोटे वर आहेत? का? गोलावर काय आहे? हे बाळ मोठे झाले का, आणि मोठे झाल्यावर त्याचे काय झाले? मोठ्यांनी आपसात एक प्रश्न घ्यावा. आपल्या नातेवाइकांत किंवा शेजारी ज्यांचा नवस पावला नाही असे कोण आहे, आणि आपण त्यांना मागे काय बोललो होतो? शेजारणीच्या प्रश्नाचे, "हा बाळ येशू तुमच्या येशूचा कोण?" याचे, दोन वाक्यांत आणि प्रेमाने उत्तर कसे द्यावे, तेही घरातच एकदा बोलून पाहावे. जिथे अडेल तो प्रश्न कागदावर लिहून रविवारी मिस्सेनंतर फादरांकडे द्यावा. नाव लिहिले नाही तरी चालेल.